ऑनलाइन बदलीची वही: मानखुर्द, जून ते डिसेंबर २०२४

आमची शाळा मानखुर्दला आहे. मराठी माध्यम, अनुदानित, पाचवी ते दहावी. मी आठवीची वर्गशिक्षिका, गणित शिकवते. गेली दोन वर्षं सरल (राज्याची विद्यार्थी नोंदींची ऑनलाइन प्रणाली) आणि यू-डायस प्लस (केंद्राची), दोन्हीकडचं विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे आहे. मूल शाळा बदलतं तेव्हा दाखला त्याच्या दप्तरातून येतो, पण ऑनलाइन नोंद मागच्या शाळेतच राहते. ती इकडे कशी आणायची हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून यंदा रोजच्या रोज लिहून ठेवलं. हेच काम ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी ही वही. मुलांची नावं कुठेही दिलेली नाहीत, फक्त माझ्या यादीतले क्रमांक आहेत.

१८ जून

नवीन प्रवेश ४७. त्यातले २९ मुंबई आणि उपनगरातून, १३ इतर जिल्ह्यांतून, ५ राज्याबाहेरून. पालिकेच्या शाळेतून सातवी करून आलेली बरीच. शिवाय पुनर्वसनाच्या इमारतींत नुकतीच राहायला आलेली कुटुंबं; त्यांची मुलं कुर्ला, सायन, माहीम अशी विखुरलेली होती.

हातात दाखला असलेले ३१, नसलेले १६. मोठ्या बाईंशी, म्हणजे मुख्याध्यापिकांशी, बोलले. आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात तसं स्पष्ट लिहिलंय: दाखल्याला उशीर झाला तरी प्रवेश नाकारायचा नाही. सोळाच्या सोळा वर्गात बसले. त्या सगळ्यांच्या जुन्या शाळांना दाखला मागणीपत्र आजच टाकलं.

क्र. ३४ ची मुलगी बीडकडची, सातवीत. आईवडील सहा महिने इथे नाक्यावर काम करतात, सहा महिने ऊस तोडायला जातात. दाखला नाही, प्रगतिपुस्तक नाही. आधारची झेरॉक्स आहे, तीही घडीवर फाटलेली. आई म्हणाली, "बाई, गावच्या शाळेत नाव हाय, पण जाऊन आणायचं कसं?" गावाचं नाव आणि गुरुजींचं आडनाव लिहून घेतलं.

२० जून

दोन दिवस फक्त दाखल्यांवरचे जुन्या शाळांचे यू-डायस क्रमांक उतरवण्यात गेले. आधी हे उगाचचं काम वाटायचं. यंदा कळलं की बाकी सगळं त्यावर उभं आहे.

क्रमांक ११ अंकी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्र २७. मुंबई उपनगर २७२२, मुंबई शहर २७२३, ठाणे २७२१, पालघर २७३६, बीड २७२७, रत्नागिरी २७३२. हे चार अंक पाठ झाले की दाखल्यावरची चूक तिथल्या तिथे दिसते. एका दाखल्यावर शाळेचा पत्ता चेंबूरचा आणि क्रमांक २७२१ ने सुरू होणारा. दोन दाखल्यांवर दहाच अंक. चारांवर गोल शिक्का नेमका क्रमांकावर बसलेला.

दाखला स्वीकारतानाच, पालक समोर असताना, अकरा अंक बोट ठेवून मोजा. नंतर शोधायला गेलं की एकेका मुलामागे अर्धा तास जातो. माझे सात मुलांमागे साडेतीन तास गेले.

२४ जून

पहिल्या ११ मुलांच्या विनंत्या टाकल्या. यू-डायस प्लसवर मूल आपल्या शाळेत घ्यायला त्याचा पेन, म्हणजे ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक, आणि जन्मतारीख लागते. आणखी एक अट आहे: जुन्या शाळेने 'दाखला घेऊन गेला' असं नोंदवून मूल मोकळं केलेलं हवं. म्हणजे ते ड्रॉपबॉक्समध्ये, शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, येतं आणि तिथून आपण उचलतो. सरलवर वेगळं. तिथे आपण विनंती पाठवतो आणि जुन्या शाळेचे मुख्याध्यापक आपल्या लॉगिनमधून ती मान्य करतात. दोन ठिकाणी दोन वेगळ्या रीती, एकीकडे झालं म्हणजे दुसरीकडे झालं असं नाही. हे मी गेल्या वर्षी समजून घेतलं नव्हतं. त्याची किंमत पुढे लिहिली आहे.

११ पैकी ३ झाले. बाकीची ८ मुलं जुन्या शाळेत अजून चालू दिसतात.

दाखल्यावर पेन लिहिलेला फक्त ९ जणांच्या. उरलेल्यांचा आधार आणि जन्मवर्ष टाकून शोधला. नाही मिळाला तिथे जुन्या शाळेला फोन. आजपासून आमच्या शाळेतून जाणाऱ्या प्रत्येक दाखल्यावर पेन आणि सरलचा आयडी हाताने लिहायचा, असं मोठ्या बाईंनी ठरवून दिलं. दाखल्याच्या छापील नमुन्यात रकाना नसला तरी शेऱ्यात लिहिता येतं.

२ जुलै

पेन बरोबर, जन्मतारीख जुळत नाही. अशी ९ मुलं निघाली. दाखल्यावर ४ जुलै असेल तर ऑनलाइन ७ एप्रिल. कुणीतरी कधीतरी भरताना दिवस आणि महिना उलटा टाकलेला. उलटी तारीख टाकून पाहिली, ५ जण लगेच सापडले. बाकी ४ जणांत वर्षच वेगळं.

इथे एक मोह होतो: ऑनलाइन जी आहे तीच आपल्या रजिस्टरला लिहून टाकावी, काम संपलं. तसं करू नका. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेशाची नोंदवही, हाच मूळ दस्त आहे. त्यातली जन्मतारीख आपल्या मनाने बदलता येत नाही, दुरुस्तीला शिक्षण निरीक्षकांची मान्यता लागते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जी तारीख जाते ती मुलाच्या जन्मभर चिकटते. चारही जुन्या शाळांना पत्र लिहून मूळ रजिस्टरचा उतारा मागवला.

८ जुलै

रात्रभर पाऊस. पहाटेपर्यंतच्या सहा तासांत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर. शाळांना सुट्टी जाहीर झाली. आमची संगणक खोली तळमजल्यावर आहे. शिपाई मामा जवळच राहतात, त्यांनी येऊन सीपीयू बाकावर उचलून ठेवला म्हणून वाचला. इंटरनेटची लाइन मात्र गेली ती चौथ्या दिवशी आली.

घरी बसून इतर जिल्ह्यांच्या शाळांना फोन केले. १३ पैकी १० जणांनी उचलला. सगळ्यात लवकर काम जिल्हा परिषदेच्या शाळांनी केलं. दोन शिक्षकी शाळा, एकच मोबाइल, रेंजसाठी ओट्यावर यावं लागतं, पण सरांनी त्याच संध्याकाळी मूल मोकळं केलं. क्र. ३४ च्या गुरुजींचा नंबर मात्र लागला नाही.

१६ जुलै

आजची नोंद लांब आहे, कारण या कामातली खरी अडचण आज कळली.

जवळच्याच एका शाळेतून आमच्याकडे सहा मुलं आली आहेत. महिनाभर विनंत्या पडून. फोन केला की "करतो" म्हणतात. शेवटी शाळा सुटल्यावर चालत गेले. ऑफिसात बसवलं, चहा दिला. मग तिथल्या सरांनी जे सांगितलं ते ऐकून माझा राग गेला.

त्यांच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग वर्षागणिक लहान होताहेत. संचमान्यतेला ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात, त्यातही ज्यांचं आधार वैध ठरलंय अशीच मुलं. त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. सहा मुलं सोडली की त्यांच्या सहावीच्या तुकडीचं गणित बिघडतं, एक पद अतिरिक्त ठरू शकतं. ते पद ज्या बाईंचं, त्या समोरच्याच टेबलावर वह्या तपासत बसल्या होत्या.

मी काय बोलणार? आमच्या शाळेतही हीच भीती आहे. आमच्याकडून बारा मुलं नवी मुंबईला गेली तेव्हा मोठ्या बाईंनीही दोन दिवस काढले होते. पण मुलं तर आमच्या वर्गात बसताहेत. त्यांच्या शिष्यवृत्तीची, गणवेशाची, पुस्तकांची मागणी तिथे नोंदली जातेय आणि मूल इथे आहे. मी एवढंच म्हटलं: "सर, तीस सप्टेंबरनंतर सोडलीत तरी ती तुमच्या वर्गात नसणारच आहेत. कुणी तपासणीला आलं तर हजेरीपट कोरा दिसेल." ते गप्प बसले. मग म्हणाले, दाखले कालच लिहून ठेवलेत, ऑनलाइनचं उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहाही झाली.

माझं मत इथे लिहून ठेवते. मुलाची नोंद आणि शिक्षकाची नोकरी एकाच आकड्याला बांधली आहे, तोवर प्रत्येक शाळा मूल सोडताना कचरणार. त्या सरांना दोष देऊन काही होणार नाही. पण आपण विनंती टाकून गप्प बसायचं नाही, माणसाला जाऊन भेटायचं. मुंबईत बहुतेक शाळा एका लोकलच्या अंतरावर आहेत.

२९ जुलै

माझी चूक.

गेल्या वर्षी नववीत एक मुलगा आला, यादीत क्र. ० देते. जुनी शाळा प्रतिसाद देत नव्हती, मुदत जवळ आलेली. मी नवीन विद्यार्थी म्हणून त्याची एंट्री केली. सरलला नवा आयडी मिळाला, यू-डायसला नवा पेन. काम झालं असं वाटून मी पुढच्या मुलाकडे वळले.

आता तो दहावीत आहे. आज त्याचं आधार टाकलं तर हा क्रमांक दुसऱ्या विद्यार्थ्याकडे आहे असं उत्तर आलं. दुसरा विद्यार्थी म्हणजे तोच. जुन्या शाळेत त्याची पहिलीपासूनची नोंद तशीच उभी आहे, आधार तिथे जोडलेलं, आणि आमच्याकडे एक वर्षाचा इतिहास असलेला दुसरा मुलगा. दहावीच्या मंडळाच्या अर्जाला पेन लागणार. कुठला लावायचा?

एक मुलगा कागदावर दोन झाला, आणि ज्याला पहिलीपासूनची वर्षं आहेत तो आमच्याकडे नाही. त्याच्या आईला बोलावून हे सांगितलं. लपवलं नाही. ती घरकाम करते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. म्हणाली, "मॅडम, परीक्षेला बसेल ना तो?" मी हो म्हटलं. ते खरं करणं आता माझ्यावर आहे.

दुरुस्ती पुढे अशी झाली, तारखांसह:
३० जुलै: जुन्या शाळेला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, सोबत दाखल्याची प्रत.
६ ऑगस्ट: आमच्याकडची जादा नोंद काढून टाकण्यासाठी विभागाच्या कार्यालयाला अर्ज. शाळेच्या लॉगिनवरून ती पुसता येत नाही.
१२, २१ आणि २९ ऑगस्ट: कार्यालयात फेऱ्या. पहिल्या फेरीत अर्जावर जावक क्रमांक नाही म्हणून परत.
५ सप्टेंबर: जादा नोंद निघाली.
६ सप्टेंबर: जुन्या शाळेने मूळ नोंद मोकळी केली, त्याच दिवशी ती आम्ही घेतली. आधार वैध.

पाच आठवडे. पाच मिनिटं वाचवण्यासाठी केलेल्या एंट्रीचे.

पहिलीच्या वरच्या मुलाची नवीन एंट्री करायची असेल तर आधी तीन प्रकारे शोध घ्या: पेन, आधार, आणि जुन्या शाळेशी प्रत्यक्ष बोलणं. तिन्ही हरले तरच.

१३ ऑगस्ट

नावं. आमच्या रजिस्टरला आडनाव आधी. आधारला बहुधा मुलाचं नाव आधी, कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. आणि इंग्रजी स्पेलिंग. ज्ञानेश्वरीचं दाखल्यावर डी-एन-वाय, आधारवर जी-वाय. लक्ष्मीचं एका ठिकाणी एक्स, दुसरीकडे के-एस-एच. मराठीत नाव एकच, इंग्रजीत उतरताना प्रत्येक टेबलावर वेगळं झालं. ४७ पैकी १४ जणांचं अशा कारणाने जुळेना.

कुठली बाजू दुरुस्त करायची हे आधी ठरवा. रजिस्टरमधलं मराठी नाव बरोबर असेल आणि ऑनलाइन इंग्रजी नावातच चूक असेल तर ती शाळेकडून दुरुस्त होते, पालकांना हेलपाटा नको. असे ६ होते. आधारवरच चूक असेल तरच केंद्रावर पाठवायचं. असे ८.

आधार केंद्रावरचा खर्च, २०२४ च्या दराने: नाव किंवा जन्मतारीख दुरुस्तीला ५० रुपये. बोटांचे ठसे वगैरे अद्ययावत करायला १००, पण ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात एकदा ते मोफत होतं. ही गोष्ट पालकांना माहीत नसते. आमच्या दोन नववीच्या मुलांकडून बाहेर पैसे घेतले गेले होते. पैशापेक्षा जास्त जातो तो दिवस. रोजंदारीवरच्या बापाला टोकनच्या रांगेत उभं राहणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं. म्हणून आठही जणांना एकाच शनिवारी घेऊन मी आणि आमचे पी.टी.चे सर गेलो, प्रत्येकाची एक मोठी व्यक्ती सोबत. सकाळी साडेसात ते दुपारी दोन. सात झाले. एकाच्या जन्म दाखल्यावर फक्त 'मुलगा' असं लिहिलंय, नाव नाही. त्याला आधी पालिकेच्या वॉर्डात जन्मनोंदीत नाव घालावं लागेल.

२२ ऑगस्ट

एका आईने विचारलं, "बाई, आमच्या आधारचा फोटो तुमच्या मोबाइलमधी असतो का?" होता. तिचाच नाही, जवळजवळ चाळीस मुलांचे. पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, आणि मी सोय म्हणून ठेवून दिलेले. माझा फोन घरी माझा मुलगाही वापरतो.

आजच सगळे पुसले. गॅलरीतून, चॅटमधून, बॅकअपमधूनही. आता पालक झेरॉक्स आणतात, मी समोर भरते, झेरॉक्स कुलपाच्या कपाटातल्या फाइलला. यादीत आधारचे शेवटचे चारच अंक. काम थोडं सावकाश होतं. तिने विचारलं नसतं तर ते फोटो अजून तिथेच असते.

४ सप्टेंबर

राज्याबाहेरची पाच. उत्तर प्रदेशातून दोन, बिहारमधून एक, कलबुर्गीहून दोघं भावंडं. भावंडांचा दाखला कन्नडमध्ये. आमच्या वस्तीत कन्नड बोलणारी घरं बरीच आहेत, दुकानदार आजोबांनी वाचून दिला. कर्नाटकात मुलांच्या नोंदीची त्यांची स्वतःची पद्धत आहे, तिचा क्रमांक आपल्या सरलला काही कामाचा नाही. पण पेन देशभर एकच असतो. यू-डायस प्लसवर राज्याबाहेरून घेण्याचा वेगळा पर्याय आहे, तिथे पेन टाकल्यावर दोघंही आली. सरलला मात्र नवीनच एंट्री करावी लागते, कारण महाराष्ट्रात त्यांची नोंद कधी नव्हतीच. २९ जुलैच्या नियमाला हा अपवाद.

परराज्यातल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. पाचांपैकी एकाच्याच दाखल्यावर आहे. उरलेल्या चौघांना गावी गेल्यावर घ्यायला सांगितलं. वर्गात ती आहेतच.

२६ सप्टेंबर

काल संध्याकाळी पुन्हा धो धो. आज सुट्टी. शेवटचे चार दिवस, त्यातला एक गेला. गणपतीनंतर गावाहून उशिरा परतलेली तीन मुलं अजून आलेली नाहीत.

३० सप्टेंबर

४७ पैकी दोन्हीकडे पूर्ण: ४१. फक्त यू-डायसला झालेली: ३. अडकलेली: ३, त्यात जन्मनोंदीत नाव नसलेला मुलगा, वर्ष न जुळणारा एक आणि क्र. ३४.

खर्च माझ्या वहीप्रमाणे: झेरॉक्स ६१२, स्पीड पोस्ट ७३८, आधारचे ३५०, येण्याजाण्याचे साधारण ९००. शाळेने २,१०० दिले, ५०० मी घातले. वेळ ११६ तास, त्यातले जवळजवळ ४० शाळा सुटल्यावरचे. आठवीचे बीजगणिताचे आठ तास दुसऱ्या बाईंनी घेतले, तेही या हिशोबात धरायला हवेत.

१४ ऑक्टोबर

क्र. ३४ च्या गुरुजींची बदली झाली होती, म्हणून फोन लागत नव्हता. बीडच्या त्या केंद्रातल्या, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या शाळेतून नवीन नंबर मिळाला. नव्या सरांनी अर्ध्या तासात रजिस्टर उघडून वाचून दाखवलं. मुलीचं नाव पहिलीपासून आहे. दर वर्षी नोव्हेंबर ते एप्रिल गैरहजर, दर वर्षी जूनला परत. दोन दिवसांत दोन्हीकडची नोंद आमच्याकडे आली. दाखला पोस्टाने येतोय.

२५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग निवडणूक. विधानसभेच्या २० तारखेच्या मतदानाला आमच्यातल्या नऊ जणांना ड्यूटी, प्रशिक्षणाचे दिवस वेगळे. महिनाभर वही उघडली नाही.

आज क्र. ३४ चा बाक रिकामा. आईने शेजारणीकडे निरोप ठेवलाय: मुकादमाची उचल (ऊसतोडीचे आगाऊ पैसे) घेतलेली होती, गाडी आली, गेलो. सांगलीकडचा कारखाना.

आता प्रश्न असा की तिथल्या शाळेने मागितलं तर नोंद सोडायची का. सोडली तर एप्रिलमध्ये पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि मधल्या काळात आईवडील एका फडावरून दुसऱ्या फडावर गेले तर नोंद मधल्याच गावात अडकेल, जशी आत्तापर्यंत बीडला अडकली होती. केंद्रप्रमुखांना विचारलं. हंगामी स्थलांतर असेल तर शिक्षण हमी पत्रक द्यायचं, नोंद मूळ शाळेतच ठेवायची, मूल जिथे असेल तिथे वर्गात बसवून घेतात. पत्रक भरलं: इयत्ता, पेन, कुठपर्यंत अभ्यास झाला, गणितात अपूर्णांक कच्चे आहेत, मराठी वाचन चांगलं आहे. आईच्या फोनवर पाठवलं. निळी खूण आली नाही.

३ डिसेंबर

जन्मनोंदीत नाव लागलं, त्या मुलाचं आधार दुरुस्त झालं. वर्ष न जुळणाऱ्याचा उतारा आला, आमचं बरोबर निघालं, जुन्या शाळेने दुरुस्ती करून सोडलं. ४७ पैकी ४७ यू-डायसला. सरलला दोन बाकी, दोन्ही मुंबईतल्याच शाळांच्या. उद्या आणि परवा शाळा सुटल्यावर जायचं: एक भांडुप, एक वडाळा.

११ डिसेंबर

दुपारी अनोळखी नंबर. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेचे सर. कारखान्याच्या तळावर मुलं शोधायला गेले होते, तिथे एका मुलीने आईचा मोबाइल पुढे करून पत्रक दाखवलं. सरांनी पेन वाचून दाखवला, मी अकरा अंक जुळवून घेतले. ती आजपासून वर्गात बसतेय. हजेरी ते महिन्याच्या शेवटी मला पाठवणार आहेत, मी इथल्या रजिस्टरला शेरा लिहीन. त्यांनी विचारलं, अपूर्णांक कुठून सुरू करू? समच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते, म्हटलं, भिन्नच्छेदापासून घ्या.